ढोलकी, पट्टी आणि दुसरी पाळी

पुणे,
ज्येष्ठ पौर्णिमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सहा जणांचा नवा बँड, सहाही नोकरदार, आणि पहिला कार्यक्रम थेट गणपतीत! आजपासून चतुर्थीपर्यंत अकरा रविवार हाताशी आहेत. लोकसंगीत आणि पॉपचा सांधा कसा जुळवायचा, असं विचारलंयस. त्यावर येतोच. पण नोकरी करणाऱ्यांच्या बँडला पैशाआधी वेळ कमी पडतो आणि त्यातला निम्मा ढोलकी खाते. तेव्हा सुरुवात तिच्यापासून.

गायकाची पट्टी (पेटीवर जिथे त्याचा षड्ज येतो ती) काळी एक आणि गायिकेची काळी चार, असं लिहिलंयस. नशीबवान आहात. काळी चार म्हणजे काळी एकचा पंचम. ढोलकीची शाई, म्हणजे बारीक आवाजाचं तोंड, काळी एकला लावली की त्याच्या गाण्यात ती षड्जावर बोलते आणि तिच्या गाण्यात शुद्ध मध्यमावर. दोन्ही चालतं. चालत नाही ते एवढंच, की तिच्या एखाद्या चालीत तीव्र मध्यमावर मुक्काम असेल तर शाईचा शुद्ध मध्यम त्याला टोचतो. तसं गाणं यादीतून काढ किंवा त्या वेळी ढोलकीवाल्याला धुमावरच, म्हणजे जाड आवाजाच्या तोंडावरच, ठेव. तुणतुणं मात्र काळी चारला लाव. एका पट्टीत ते पंचम देतं, दुसरीत षड्ज, आणि खुंटीला हात लावावा लागत नाही. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की सी आकारात काळी एक मिळते आणि जी आकारात काळी चार. कॅपोसुद्धा हलत नाही. कीबोर्डचा ट्रान्सपोज (सगळे सूर सरकवणारी सोय) अधिक एकवर ठेवून तोही सी आणि जी वाजवेल. फक्त तालमीनंतर कुणीतरी तो शून्यावर आणतो आणि पुढच्या रविवारी पहिलं गाणं अर्ध्या सुराने फाटतं. म्हणून गाण्यांच्या कागदावर प्रत्येक गाण्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या: पट्टी, कॅपो, ट्रान्सपोज.

काळी पाचमधलं एखादं गाणं कितीही लाडकं असलं तरी ते काळी चारला उतरव. नाहीतर दुसरी ढोलकी लागेल. चालू कार्यक्रमात पाना काढून सूर बदलायला चार-पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात निवेदकाचे विनोद संपतात.

आता सूर लावणं. ढोलकीवाल्याला येत असेलच, पण तूही शिकून घे, कारण एक दिवस तो कंपनीतून थेट मंचावर येणार आहे. नट-बोल्टच्या ढोलकीला साधारण आठ आकडे (हुक) असतात. शेजारशेजारचे ओळीने कधीही आवळायचे नाहीत, पान, म्हणजे तोंडावरचं चामडं, एका बाजूला ओढलं जातं. एक आवळला की त्याच्या बरोबर समोरचा, मग त्यांच्या काटकोनातले दोन, आणि प्रत्येक वेळी पाना पाव फेराच. मग प्रत्येक आकड्यासमोर किनारीवर एका बोटाने टिचकी मारत गोल फिरायचं. सात ठिकाणी सूर एक आणि एका ठिकाणी किंचित खाली असेल, तर तेवढाच आकडा आवळायचा. एखाद्या ठिकाणी सूर वर असेल तर तो आकडा थोडा जास्तच सैल करून पुन्हा वर आणायचा, कारण सैल करून सोडलेलं पान अर्ध्या तासात आणखी उतरतं. ढोलकी मूळ सुरापेक्षा अर्धा सूर वर किंवा खाली नेता येते, त्यापलीकडे ओढू नकोस.

चामड्याला हवा कळते. एसी सभागृहात पान सुकतं आणि सूर चढतो, उघड्यावर श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत तो उतरतो. म्हणून ढोलकी मंचावर नेऊन अर्धा तास पिशवीतून बाहेर ठेवायची आणि मगच पाना काढायचा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर ठेवूच नकोस, शाईला तडा जातो आणि ती खपल्यांनी उडायला लागते. मंडळाच्या कार्यक्रमात सत्कारही धरून चाल. मधेच पंचवीस मिनिटं शाल-श्रीफळ चालतं, पाठीमागून गार वारा येतो आणि पुढचं गाणं उतरलेल्या ढोलकीवर सुरू होतं. सत्कार चालू असताना ढोलकी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायची. हलगी एरवी शेकोटीवर तापवतात. मंचावर ते जमत नाही, तेव्हा शंभर वॅटचा पिवळा बल्ब नाहीतर हेअर ड्रायर. पावसात मी सरळ प्लॅस्टिक पानाची हलगी घ्यायला सांगतो. जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत, भिजलेलं चामडं त्यांना वाजवायचं नसतं.

तालमीचं गणित साधं आहे. दीड तासाच्या कार्यक्रमाला चौदा गाणी पुरतात. अकरापैकी सात रविवार दर वेळी दोन नवी गाणी, उरलेले चार सगळं ओळीने वाजवायला. या चारमध्ये नवं गाणं शिरू द्यायचं नाही, कुणाला आदल्या रात्री कितीही भारी चाल सुचली तरी. तालीम अडीच तासांची, त्यातली पहिली वीस मिनिटं सूर आणि जोडण्यांची. फोन खोलीच्या मधोमध ठेवून प्रत्येक गाण्याची शेवटची फेरी रेकॉर्ड कर आणि त्याच रात्री सगळ्यांना पाठव. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये ऐकलं जातं. ठेका आणि उठाण निम्मी तिथेच पाठ होतात.

संबळवाला अंबडच्या कारखान्यात फिरत्या पाळीत आहे ना? त्याच्या तीन आठवड्यांच्या चक्रावर सगळ्यांची तालीम बसव, उलटं करू नकोस. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्याची संध्याकाळ मिळतच नाही, रात्रपाळीनंतरच्या रविवारी सकाळी तो बसल्या जागी पेंगतो. त्या दिवशी गायक, गिटार आणि कीबोर्ड यांचीच बैठक लाव. सामायिक कॅलेंडरमध्ये प्रत्येकाने ‘नाही’चे दिवस तेवढे भरायचे. ‘बहुतेक जमेल’ असा रकाना ठेवलास तर सगळे तोच भरतील. आणि संबळ-हलगीला एक बदली वादक आत्ताच शोध, त्याला तीन रेकॉर्डिंगं देऊन ठेव.

आता तुझा सांधा. लोकचाली बऱ्याचदा चार-पाच सुरांत फिरतात. त्यांच्याखाली दर मात्रेला कॉर्ड बदलणारा कीबोर्डवाला हा आपल्याकडचा जुना आजार आहे. षड्ज-पंचमाचा आधार आणि दोन कॉर्ड इथे थांबून बघ. चालीत दोन्ही गंधार येत असतील तर कॉर्डमधून गंधारच गाळ, म्हणजे गाणाऱ्याला मोकळीक राहते. दुसरं भांडण बेस गिटार आणि धुम यांचं. दोघंही खर्जातले, एकाच खोलीत राहायला बघतात. धुम घुमवत नेणारा ठेका असेल तिथे बेसने समेवर एक लांब सूर धरून गप्प बसायचं. बेसची धून महत्त्वाची असेल तिथे ढोलकीने शाईवर खेळायचं. हे तालमीतच ठरव, साउंडवाल्यावर सोडलंस तर तो दोन्ही वाढवतो. क्लिक (लय धरणारी टिकटिक) फक्त ट्रॅकवरच्या, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीच्या गाण्यांना, आणि तोही ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात. ढोलकीवाल्याच्या कानात क्लिक घातलास की त्याची लग्गी (जलद, खेळती वाजवणी) आखडते.

साउंडवाल्याला आठ दिवस आधी एक पान पाठव: मंचाचा नकाशा आणि चॅनेलची यादी. तुमची अशी होते: ढोलकी 2, संबळ 2, हलगी 1, ऑक्टोपॅड 2, बेस 1, गिटार 1, कीबोर्ड 2, तुणतुणं 1, आवाज 3. पंधरा झाले, सोळावा राखीव. तुणतुण्याला चिकटवायचा पिकअप लावणार असाल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) माग, साध्यातून आवाज पत्र्यासारखा येतो. संबळवाला गायकाच्या थेट पाठीमागे नको. गायकाच्या माइकचं तोंड तिकडेच असतं, म्हणून संबळाचा आवाज गायकाच्याच माइकमधून जास्त येतो आणि मग आवाज वाढवला की संबळही वाढतं. त्याला बाजूला, माइकच्या कुशीकडे बसव.

एक तपासणी कुणीही ‘गरज नाही’ म्हटलं तरी करायची. मंडपातलं अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतं असतं, त्यात अर्धी वीज जनरेटरवर आणि अर्धी घरगुती जोडणीवर. गायक गिटारच्या तारा धरून ओठ माइकला लावतो आणि झटका बसतो. म्हणून सगळं चालू करून, गिटारला हात न लावता, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेव. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. दहा-वीसच्या पुढे काही दिसलं तर गाणं थांबव आणि सगळ्या वाद्यांची आणि मिक्सरची वीज एकाच बोर्डावरून घ्यायला लाव, मग पुन्हा मोज. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणारा माणूस दिसला तर त्याचा हात धर. घरघरीसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

वेळेबद्दल एवढंच: उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं, तुमचा दिवस त्यात आहे का ते मंडळाला लेखी विचार. ‘आठला सुरू’ म्हणजे पावणेनऊ. यादीत तीन गाण्यांवर पेन्सिलने खूण कर, उशीर झाला की ती न बोलता गळतील. सगळ्यात जमलेलं गाणं शेवटी राखून ठेवू नकोस.

‘पारंपरिक’ म्हणून गायली जाणारी सगळी गाणी पारंपरिक नसतात. कवीच्या मृत्यूनंतर त्या वर्षाच्या अखेरीपासून 60 वर्षं हक्क राहतो. अण्णा भाऊ साठे 1969 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्यांना गेल्या शतकात कुणी दिलेली चाल सगळ्यांची असेलच असं नाही. मंचावर वाजवण्याचा परवाना साधारणपणे आयोजक आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) काढतो, त्याने काढलाय का ते विचार. रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकताना मात्र ती जबाबदारी तुमची.

पैशाचं पहिल्या सुपारीआधीच कागदावर येऊ दे. समज 40,000 ठरले. गाडी 6,000, स्वतःचा साउंड इंजिनिअर 4,000, उरले 30,000. त्यातले दहा टक्के बँडच्या खात्यात, तारा-पानं-केबलसाठी. राहिलेल्या 27,000 चे सहा समान वाटे, प्रत्येकी 4,500. गायकाला जास्त द्यायचं असेल तर आत्ता बोला. बिल एकाच्याच नावाने गेलं तर अख्खं उत्पन्न, आणि टीडीएस कापला असेल तर तोही, त्याच्याच पॅनवर दिसतो, आणि पगारदारांचा नेहमीचा आयटीआर-1 त्याला चालत नाही. वर्षाला पाच-सहा कार्यक्रम होणार असतील तर भागीदारी करून वेगळं पॅन काढा. लोककलेच्या कार्यक्रमाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी माफ असतो. तुमचं फ्यूजन त्यात बसतं का यावर रात्र घालवू नका, नोंदणीची 20 लाखांची वार्षिक मर्यादा अजून लांब आहे. गायिका सरकारी नोकरीत असेल तर मानधन घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्यायला सांग. खासगीवाल्यांनी नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचावं.

रजेचंही तसंच. चार वाजता सामान लावायचं तर सहाही जणांनी अर्धी रजा टाकायची गरज नाही. दोघं पुरतात, आलटूनपालटून. त्यातला एक ढोलकीचा सूर लावता येणारा असावा, म्हणजे बहुधा तूच. बाकीच्यांनी साडेसहाला पोचायचं, आवाजाची तपासणी तेव्हाच. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्याला सामान आवरायला ठेवू नका.

घरच्यांना नमस्कार. यादी तयार झाली की पट्ट्यांसह पाठव.

तुझा,
मित्र

ता. क. ढोलकीचा पाना दुकानदार देतो तो एकच असतो आणि तोच हरवतो. त्याच मापाचे आणखी दोन घे. एक ढोलकीच्या पिशवीत शिवून टाक, दुसरा गिटारच्या केसमध्ये.