कमी पोळ्यांचा डबा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन उतरवण्यासाठी 'लो-कार्ब', म्हणजे कमी कर्बोदकांच्या, पाककृती वाचल्या. बदामाच्या पिठाचा पाव, ॲव्होकॅडोचं सॅलड, ऑलिव्ह तेलातली ब्रोकोली. मी साताऱ्यात घरगुती डबे देते. इथल्या मंडईत ॲव्होकॅडो मागितला तर भाजीवाली आधी माझं तोंड बघेल आणि मग हसेल.

विषय मात्र खोटा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत, आणि त्यातले बरेचसे माझ्याकडेच जेवतात की काय असं हल्ली वाटतं. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.७ ते ६.४ च्या मधे आला की संध्याकाळी फोन ठरलेला. "काकू, उद्यापासून पोळी बंद." भात? तोही बंद. मग डब्यात भरू काय? "ते तुम्ही बघा."

दुसरा प्रकार भाकरीवाल्यांचा. पोळी सोडली, ज्वारीवर आलो, आता काळजी मिटली, असं म्हणत तीन-तीन भाकरी चेपतात. अहो, शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही साधारण तेवढीच. ज्वारीनं पोट जरा जास्त वेळ भरलेलं राहत असेल, पण हिशेब पिठाचाच राहतो. माझ्या नेहमीच्या डब्यात तीन पोळ्या आणि वाटीभर भात म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं एका जेवणात जातात. 'लो-कार्ब' म्हणतात ते बहुधा दिवसभराचं १३० ग्रॅमच्या आतलं खाणं! आणि डब्याच्या त्या शंभरात सकाळचे पोहे आणि साखरेचे दोन चहा धरलेलेच नाहीत. उपवासाचं तर बोलूच नका. एकादशी, दुप्पट खाशी, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

म्हणून अशांसाठी मी डबाच बदलला. पोळी एक, भात नाही, मोडाच्या मटकीची नाहीतर चवळीची उसळ दोन वाट्या, दोडका, गवार किंवा शेपू, काकडीची कोशिंबीर, खाणाऱ्याला एक उकडलेलं अंडं. उसळीतही कर्बोदकं असतात, पण बरोबर प्रथिनं आणि तंतू येतात, त्यामुळे चार वाजता वडापावच्या गाडीकडे पाय वळत नाहीत. बदामाचं काम शेंगदाण्याचा कूट करतो. तोही मोजूनच, कारण तेल त्यात भरपूर असतं. भाकरीबरोबर खायची कारळ्याची चटणी आता उसळीवर पेरते.

अडचण पैशांची आहे. पोळी हा डब्यातला सगळ्यात स्वस्त घास. दोन पोळ्या आणि भात काढून उसळ आणि अंडं घातलं की डबा महाग पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काकू, पोळ्या कमी केल्या आणि पैसे वाढवले?" त्याचंही खरंच आहे म्हणा. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण त्यात डाळ नाही. ज्यांचं घर त्या धान्यावर चालतं त्यांना 'कार्ब कमी करा' सांगणं सोपं आहे. सरकारनं थोडं धान्य कमी करून त्या जागी तूर-मूग द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेले काहीजण पुरवणी वाचून परस्पर पोळी-भात बंद करतात. त्यांची साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं प्रथिनं मनानं वाढवू नयेत. अशांना मी आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगते, डबा नंतर. आपल्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती.

विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत आहारतज्ज्ञांकडून पोळी, वाटी, डाव या मापांत एक पान लिहून घ्यावं. माझी बरीच गिऱ्हाइकं एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतात आणि डबा रात्री आठला उघडतात. उन्हाळ्यात तोवर विटणार नाही अशी उसळ त्यात जरूर द्यावी.

आपली,
एक डबेवाली, सातारा