थँक्यू दादा, त्या पेनड्राईव्हसाठी

दादा,

हे तुला व्हॉट्सॲपवर पण लिहिता आलं असतं, पण मला सगळ्यांसमोर लिहायचं होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये मी एमएसला शिकागोत उतरलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तू आलास, रूम मिळेपर्यंत तुझ्याच हॉलमध्ये गादी टाकून झोपलो, पहिला किराणा पण तूच भरलास, आणि त्याचे आभार मानले तर तू चिडशील हे मला माहितीये. पण तू मला चान्स द रॅपर, म्हणजे शिकागोचा तो रॅपर, ऐकायला शिकवलंस त्याचे आभार राहूनच गेलेत, ते आज मानू दे.

मला तेव्हा रॅप म्हणजे नुसत्या शिव्या आणि गाड्या एवढंच वाटायचं. त्यात सगळे सांगायचे साउथ साइडला फिरू नको, अंधार पडायच्या आत घरी ये, त्या वर्षी शहरात ५०० च्या आसपास खून झालेले, आणि आपण राहायचो ते पण साउथ साइडलाच. मी कॉलेज ते घर, घर ते कॉलेज, मान खाली घालून चालायचो. एका रविवारी खिचडी लावलेली, कुकरच्या शिट्ट्या चालू, आणि तू फ्रिजवर लॅपटॉप ठेवून '१० डे' लावलंस. म्हणालास, हा आपल्या इथलाच पोरगा आहे, गांजा सापडला म्हणून शाळेने १० दिवस घरी बसवलं तर त्या दिवसांवरून याने अख्खी मिक्सटेप, म्हणजे अल्बमसारखा गाण्यांचा संच, काढली, रेकॉर्ड कंपनी नाही काही नाही, डॅटपिफ वेबसाइटवर फुकट टाकली, घ्या आणि ऐका. मला आधी शब्दच कळेनात. तू ओट्यावर चमच्याने ताल धरून एकेक ओळ थांबवून दाखवलीस, बघ यमक शेवटी नाहीये, ओळीच्या पोटात आहे, आपला शाहीर पोवाड्यात कसा एका दमात खेचत नेतो तसा हा नेतोय. तिथे माझे कान उघडले. खिचडी खाली लागली त्या दिवशी, पण आपण दोघांनी ती शेवटपर्यंत खाल्ली.

मग तू मला डाऊनटाऊनला हॅरोल्ड वॉशिंग्टन लायब्ररीत घेऊन गेलास, ती छतावर मोठाली घुबडं बसवलेली लाल बिल्डिंग. खाली तळमजल्यावर शाळकरी पोरांसाठी यूमीडिया नावाची जागा, माईक, कॉम्प्युटर, रेकॉर्डिंग, सगळं फुकट. चान्स इथेच यायचा, इथेच ओपन माईकला उभा राहायचा, ब्रदर माईक म्हणून तिथे पोरांना कविता शिकवणारे एक जण होते त्यांच्या हाताखाली तयार झाला, हे तू मला काचेपलीकडे बोट दाखवून सांगितलंस. सरकारी लायब्ररीतून रॅपर घडतो हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

आणि ३० एप्रिल २०१३, मंगळवार, त्याची पुढची मिक्सटेप 'ॲसिड रॅप' आली. पोरगा नुकताच २० चा झालेला. परीक्षा तोंडावर असून आपण दोघं रात्री लाईट बंद करून ऐकत बसलो. त्यातलं 'पुशा मॅन' गाणं मध्येच थांबलं आणि पुढे काहीच नाही, पूर्ण शांतता, मला वाटलं फाईल खराब आहे, मी लॅपटॉपकडे हात नेला तर तू माझं मनगट धरलंस, थांब म्हणालास. अर्ध्या मिनिटाने तो दुसरा भाग सुरू झाला, हळू, दबका, ज्यात तो म्हणतो की उन्हाळा आला की त्याला भीती वाटते कारण इथली पोरं उन्हाळ्यातच मरतात आणि बातमीवाले इकडे फिरकत पण नाहीत. मला अजून आठवतंय की खिडकी उघडी होती आणि बाहेर खाली पोरं सायकली फिरवत होती. त्याचं वेस्ट चॅथम आपल्यापासून रेड लाईन ट्रेनने फक्त पाच स्टेशनं, ज्या वस्तीला मी नुसता घाबरून होतो तिथल्याच पोराला स्वतःला किती भीती वाटते हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी मान वर करून चालायला लागलो दादा, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांशी बोलायला लागलो, आणि हे तुला मी कधी सांगितलंच नाही.

२०१७ ला त्याला ग्रॅमी मिळाल्या, तीन, त्यात रॅप अल्बमची पण, आणि ती विकायला न काढलेल्या, नुसत्या स्ट्रीमिंगवरच्या 'कलरिंग बुक'ला, तेव्हा मी तुला रात्री फोन केलेला आणि आपण दोघं नुसते हसत होतो.

अजून एक सांगतो. 'ॲसिड रॅप' २०१९ मध्ये स्ट्रीमिंगवर आली तेव्हा त्यात 'जूस' हे गाणं नव्हतं, त्यात वापरलेल्या गायक डॉनी हॅथवेच्या गाण्याच्या तुकड्याची परवानगी मिळाली नाही म्हणून, त्या जागी चान्सचा छोटा निरोप होता. फुकट वाटलेल्या मिक्सटेपमध्ये चालून गेलं ते पैसे देऊन ऐकायच्या ठिकाणी चाललं नाही. पण तू जाताना दिलेल्या त्या निळ्या पेनड्राईव्हवर ते जसंच्या तसं आहे, परवाच मी माझ्या मुलीला गाडीत ऐकवलं, ती मागच्या सीटवर त्याच्यासारखं ओरडत होती.

पेनड्राईव्ह तुझाच आहे, डिसेंबरमध्ये पुण्याला येतोयस ना, तेव्हा हातात देतो. कॉपी मी काढून ठेवलीये.