बीआरटीएस गेला, हिशेब राहिला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली मार्गिका, 2013 मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या जबलपूर येथील मुख्य पीठाने तो हटवण्याचा आदेश दिला. मार्ग चांगला होता की वाईट, हा वाद मला उकरायचा नाही. त्याच्या परिणामांची झडती घेण्यासाठी नागरिकांना जनहित याचिका कराव्या लागल्या आणि न्यायालयाला समिती नेमावी लागली, हे मात्र मला खटकते, कारण हे काम मुळात महानगरपालिकेचे होते.

ठरावाच्या टिपणीत खर्च, निविदा आणि मुदत हमखास असते. पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत वृद्ध माणूस कसा पोहोचेल, गीता भवन ते पलासिया पट्ट्यातील दुकानदारांच्या गिऱ्हाइकांनी गाडी कुठे लावावी आणि उद्या मार्ग काढला तर रोज बसने जाणाऱ्यांची किती मिनिटे वाढतील, हे प्रश्न निर्णयाच्या कागदावर क्वचितच उतरतात. कायद्याचीही मदत तोकडी आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण परवानगी लागते ती 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला. शहरातील रस्त्याच्या अशा फेरबदलाला ती लागत नाही. म्हणूनच ही उणीव पालिकेने स्वतःच्या नियमाने भरून काढली पाहिजे.

सूचना साधी आहे. प्रत्येक मोठ्या कामापूर्वी महिनाभर आधी एक दोनपानी टिपण झोन कार्यालयात लावावे, त्यात कोणाचा फायदा, कोणाची गैरसोय आणि ती किती, हे आकड्यांत लिहावे आणि काम पूर्ण झाल्यावर वर्षभराने तेच रकाने प्रत्यक्ष मोजून पुन्हा भरावेत. प्रवासी तिकीट यंत्रावरून मोजता येतात, अपघातांची नोंद पोलीस ठाण्यात असते आणि पादचारी मोजायला चौराह्यावर एक माणूस उभा केला तरी पुरे. घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करायला लावणाऱ्या शहराला एवढी मोजणी जड जाऊ नये.

आता बीआरटीएस जिथे होता त्याच एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) उड्डाणपुलांची चर्चा आहे. निविदा निघण्यापूर्वी असे टिपण प्रसिद्ध व्हावे आणि त्यात बसप्रवाशांचा व पायी चालणाऱ्यांचा रकाना सर्वांत वर असावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर