श्रीधरास पत्र : घरात कुत्रा आणण्यापूर्वी

सांगली,
दि. १२ फेब्रुवारी

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. चि. मीराला खेळायला, काकूंना दुपारच्या सोबतीला आणि तुला संध्याकाळी फिरायला नेण्यासाठी कुत्रा हवा आहे, आणि तो इमानी व मनमिळाऊ अशा दोन्ही गुणांचा असावा, एवढी तुझी अट आहे. कोणत्या जातीत हे दोन्ही गुण सर्वाधिक आढळतात, या प्रश्नाला ‘लॅब्रॅडोर’ असे एका शब्दात उत्तर देता आले असते आणि ते फारसे चुकीचेही ठरले नसते. पण तेवढ्यावर तू पिल्लू उचलून आणशील, आणि ते पुढची दहा-बारा वर्षे तुमच्याकडे नांदायचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्यांवर जीव टाकणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी सलगी करणे या दोन निराळ्या वृत्ती आहेत, आणि कित्येकदा त्या एकमेकींच्या आड येतात. जपानचा हाचिको नावाचा कुत्रा तुला ठाऊकच असेल. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ साली अचानक वारले, आणि त्यानंतर १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत तो टोकियोच्या शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहायला येत राहिला. इमानाचा याहून मोठा दाखला कोणी देऊ शकणार नाही. पण हाचिको ज्या जातीचा होता ती अकिता जात परक्यांपासून अलिप्त राहणारी, इतर कुत्र्यांशी सहसा न पटणारी आणि मनाविरुद्ध काही करवून घेऊ न देणारी म्हणून ओळखली जाते. मीराच्या वाढदिवसाला घरात पंधरा मुले धुडगूस घालत असताना असा कुत्रा तुला घरात चालेल का? उलट लॅब्रॅडोर त्या पंधराही मुलांचा होईल, आणि रात्री चोर आला तर त्याच्यापुढेही शेपूट हलवील.

आता जातीचा प्रभाव किती, हे पाहू. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती त्यांच्या मालकांकडून मिळवली आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्याहून वेगळे का, याचे जेमतेम ९ टक्के स्पष्टीकरण त्याच्या जातीवरून मिळते, असे त्यांना आढळले. माणसाचे ऐकण्याची, सांगितलेले काम करण्याची तयारी यात जातीचा वाटा त्यातल्या त्यात अधिक दिसतो. पण कुत्रा कशाने बिथरेल किंवा अंगावर येईल, हे जातीवरून जवळजवळ सांगता येत नाही. अंगकाठी, केस, आकार आणि पूर्वजांच्या कामाची थोडीशी ओढ जात देते. स्वभाव बहुतांशी त्या त्या कुत्र्याचा असतो.

इमानाच्या बाबतीत तर माझे मत याहून ठाम आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. आई आणि तान्हे मूल यांच्यात माया जुळते ती याच संप्रेरकाच्या साहाय्याने. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे घडले नाही. म्हणजे माणसाचा लळा हा कुत्र्याचाच स्वभाव झाला आहे, आणि जो त्याला रोज खाऊ घालतो, फिरवतो व त्याच्याशी बोलतो, त्याच्याशी तो इमान राखतो. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले, तो काही कागदपत्रांचा लॅब्रॅडोर नव्हता.

तरीही जातींविषयी विचारलेस, तर सांगतो. लॅब्रॅडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली काम करीत, थंड पाण्यात उड्या घेऊन जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणीत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील उमरावांनी हे कुत्रे शिकारीसाठी जोपासले. पडलेला पक्षी दात न लावता उचलून आणणे आणि अनोळखी माणसांच्या व कुत्र्यांच्या घोळक्यात शांत राहणे, हे त्यांचे काम होते. आजची त्यांची सोशिकता तिथून आली आहे, आणि दृष्टिहीनांना वाट दाखवण्यासाठी ही जात जगभर निवडली जाते तीही यामुळेच. तिचा दोष एकच, पण तो मोठा आहे : भूक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडोरांत भूक न शमू देणारा जनुकीय बदल सापडला. काकूंचा हात सढळ आहे, दुपारी पोळीचा तुकडा आणि रात्री दूधभात सुरू झाला, की वर्षभरात त्या कुत्र्याला जिना चढवणार नाही, आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचा विकार आधीच बराच आढळतो.

गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडचा. लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या डोंगराळ जहागिरीत १८६८ साली त्याची पहिली पिल्ले जन्मली. स्वभावाने तो लॅब्रॅडोरइतकाच गोड, किंबहुना थोडा अधिक हळवा. पण त्याची ती लांब, दुपदरी लव थंड हवेसाठी आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग निववतो, आणि नागपूरचा मे महिना तुला मी सांगायला नको. लॅब्रॅडोरची लवही दुपदरीच असते, तरी आखूड असल्यामुळे तो पहाटे व रात्री फिरवून, दुपारी कूलरपुढे ठेवून निभावेल. गोल्डन मी पुण्यात एखाद्या वेळी सुचवीन, नागपुरात नाही. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीचे तर नावही काढू नकोस.

जर्मन शेफर्डचे बीज माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ साली मेंढपाळांच्या कुत्र्यांतून निवडले. एवढा बुद्धिमान आणि घरच्यांना इतका धरून राहणारा कुत्रा दुर्मीळ आहे. पण त्याला रोज काम हवे आणि शिकवणारा हात हवा. तू नऊला बाहेर पडतोस आणि दिवे लागल्यावर परततोस, तेव्हा हा विचार सोडून दे. बीगल मुलांत मिसळणारा, रागाला न येणारा आहे, मात्र त्याचे नाक त्याला कोठेही ओढून नेते आणि त्याच्या आवाजाने सोसायटीचे सचिव तुझ्या दारात येतील. पग हा त्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघर गेला. स्वभाव लाघवी, पण चपट्या नाकामुळे त्याला श्वास पुरत नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

आमच्या भागापासून कर्नाटकातले मुधोळ फार दूर नाही, म्हणून तिथल्या कुत्र्याविषयीही लिहितो. लांब पायांचा, खोल छातीचा हा शिकारी वाण मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासला, आणि आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात. ऊन त्याला सोसते, धन्यावर त्याची निष्ठाही मोठी. पण परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि समोरून ससा किंवा मांजर पळाले की हाक ऐकू येत नाही. शिवारात राहणाऱ्या माणसाने तो जरूर पाळावा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याला कोंडणे मला अन्यायाचे वाटते.

माझी खरी शिफारस गावठी कुत्र्याची आहे, आणि तीही पिल्लाची नव्हे, तर दीड-दोन वर्षांच्या, नसबंदी झालेल्या मादीची. आखूड लव, मध्यम बांधा, आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले शरीर, आणि ठरावीक रूपासाठी जवळच्या नात्यात जुळवण्या करून आलेले आजार तुलनेने कमी. घरच्यांशी गावठी कुत्रे अतिशय मऊ असतात. परक्यांबाबत मात्र सावध असतात, आणि तिन्हीसांजेनंतर जिन्यात पाऊल वाजले तर भुंकतात. आमची चांदी माझ्या वडिलांच्या खाटेखालून दिवसभर हलत नाही, पण दूधवाल्याला ओळखायला तिने बरेच दिवस घेतले. वाढलेला कुत्रा घेण्याचा लाभ हा, की वर सांगितलेला अंदाजाचा खेळच उरत नाही. मुले जवळ आली की तो पुढे येतो की मागे सरतो, ताटली उचलली तर गुरगुरतो का, मोठ्या आवाजाने दडतो का, हे समोर पाहून ठरवता येते. प्राण्यांच्या निवारागृहात दोन-तीन वेळा जा, मीराला आणि काकूंना बरोबर ने, आणि तेथे रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचार; त्याला प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव पाठ असतो.

मीरा लॅब्रॅडोरच्या पिल्लासाठी हटून बसली, तर तेही घे, पण आठ आठवड्यांहून लहान पिल्लू घेऊ नकोस. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीविषयीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताच येत नाही. तरी आपल्याकडे महिन्या-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात. आई आणि भावंडांत राहून पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते, आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात ज्या माणसांशी, आवाजांशी, जागांशी त्याची ओळख होते, त्यांना ते पुढे सहसा भीत नाही. पिल्लाची आई पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ती भेदरट किंवा चिडकी असेल तर परत फीर. विक्रेता आई दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्यावरच काय ते समज.

कुत्रा कोणताही आणलास तरी मीराला दोन गोष्टी शिकव : तो खात असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या गळ्यात पडून मिठी मारायची नाही. रेबीजची लस, गोचिडांचा बंदोबस्त आणि महापालिकेचा परवाना यांत हयगय नको. सोसायटीने कुत्रा पाळण्यास बंदी आहे असे सांगितले, तर सरकारच्या प्राणी कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक दाखव; पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

पुढल्या महिन्यात भाच्याच्या मुंजीसाठी मी वर्ध्याला येतो आहे. तोवर काही ठरले नसेल, तर एक दिवस नागपुरास थांबेन आणि निवारागृहात आपण मिळून जाऊ. तसे असेल तर आठवडाभर आधी कळव, म्हणजे परतीचे तिकीट त्या बेताने काढीन.

ती. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चि. मीराला अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
माधव