एका बोटाची चिमूट

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, म्हणून आधी हव्या तेवढ्या शिव्या घाल, मग वाच. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ तशीच.

आपल्या प्रोटीनच्या वादात तू जिंकलास. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं.

ते आपलं प्रोटीन रे, ज्याच्या ट्यूबवर अजून तुझं कोंबडीच्या पायांचं अक्षर आहे. माशी, मासा, माणूस. बाकी सगळं ओळखू येईना इतकं बदललं, पण ते तीसेक अमिनो आम्लांचं जस्ताचं बोट (झिंक फिंगर, जस्ताभोवती दुमडलेला प्रोटीनचा छोटा तुकडा) जसंच्या तसं. दोन सिस्टीन, दोन हिस्टिडीन, मध्ये जस्त. एवढं जपलंय म्हणजे डीएनए धरत असणार, असं मी अहवालात ठोकून दिलं. तू तेव्हाच म्हणाला होतास, "एका बोटानं चिमूट घेऊन दाखव!" मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. (चहाचे पैसे मात्र तूच बुडवलेस.)

बोटानं डीएनए धरल्याची पट्टी दिसते का ते पाहायला चालवलेली नऊ जेल कोरी गेली. आधी बफरमधल्या ईडीटीए या रसायनावर खापर फोडलं, त्यानं जस्त ओढून नेलं असणार म्हणून. क्लूग या शास्त्रज्ञाच्या केंब्रिजच्या लोकांचाही बेडकाच्या टीएफथ्रीए या डीएनए धरणाऱ्या प्रोटीनचा कण डीटीटी या रसायनानं असाच विस्कटायचा. त्या विस्कटण्यातून त्यांना जस्त सापडलं आणि १९८५ साली ओळीनं नऊ बोटं. नऊ! माझं एकच. बफर बदलला, जस्त पाजलं, दहावी जेलही कोरी.

मग चिडून बोट मण्यांवर बसवलं आणि पेशींचा अर्क ओतला. एक प्रोटीन चिकटून आलं. बोटातला एक सिस्टीन बदलला की त्या प्रोटीनची पट्टी गायब. तीनदा केलं, बंड्या. म्हणजे आपलं बोट डीएनए नाही, दुसरं प्रोटीन धरतं. रक्तपेशी घडवायला लागणारं गाटा-१ प्रोटीन आठवलं का? त्याच्या दोन बोटांपैकी पुढचं बोट फॉग-१ या दुसऱ्या प्रोटीनला धरतं. २०५ व्या जागी व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन आलं की ती पकड ढिली पडते आणि माणसाला जन्मापासून ॲनिमिया. तूच सेमिनारमध्ये सांगितलं होतंस, मी मागे बसून जांभया देत होतो.

आता सोमवारी सरांना सांगायचंय, की दोन वर्षं अहवालात जे छापलं ते मी अमिनो आम्लांच्या नुसत्या जुळणीवरून लिहिलं होतं. पट्टी दाखवून सुरुवात करू की आधी चूक कबूल करू? रात्री झोप नाही. सरांचं तुला ठाऊक आहे, सरळ बोटानं तूप निघत नाही.

तुझ्या घराचं ताब्याचं काय झालं? बँकेत बदली टळली ना? वहिनींना नमस्कार, चिनूला पापा.

रविवारी रात्री फोन करतो. उचल.

तुझा,
अवि