त्या रविवारच्या हसण्याबद्दल

सांगली

चि. स्नेहल,

अनेक आशीर्वाद.

आठ दिवस झाले, माझा फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवर बोलतेस ते मला ऐकू येतं. "बाबा झोपलेत का?" विचारतेस आणि आई "हो" म्हणते. मी जागा असतो.

त्या रविवारी तू म्हणालीस, "बाबा, मी राजीनामा देते आणि घरी येते," आणि मी हसलो. खो खो हसत सुटलो, थांबेचना. तू फोन ठेवलास. तुझ्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता. पण बाळ, ते हसू माझं नव्हतं. तुझं वाक्य ऐकून पोटात कालवलं होतं, डोळे भरले होते, आणि तोंडातून बाहेर पडलं ते हसू. या मोटार न्यूरॉन डिसीजमध्ये असं होतं. हसण्या-रडण्यावर मेंदूचा जो ताबा असतो तो सैल पडतो. परवा टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत एक पोरगं आईकडे पळत गेलं तर मी पाच मिनिटं हुंदके देत होतो. अक्काच्या तेराव्याला गुरुजींसमोर मला हसू फुटलं होतं, आठवतं? बंडूने माझ्याकडे बघितलं ती नजर मी विसरलेलो नाही. तेव्हा आपल्याला आजाराचं नावही माहीत नव्हतं. आता डॉक्टरांना सांगितलंय, त्यांनी त्यावर वेगळी गोळी सुरू केलीय.

हे पत्र टॅबवर डाव्या हाताच्या एका बोटाने लिहितोय. बोललं की टाइप होतं ते तू लावून दिलं होतंस, त्याला माझं बोलणं आता कळत नाही. "स्नेहल" म्हटलं की "सहल" येतं. म्हणून रोज दहा-बारा ओळी. मध्येच सूर बदललेला वाटला तर समज, दिवस बदलला.

आईबद्दल यात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तिची कंबर, तिची झोप, काही नाही. हे तुझं-माझं पत्र आहे.

लोक विचारतात नक्की झालंय काय. मी त्यांना आमच्या वीज खात्याच्या भाषेत सांगतो. मोटार चांगली आहे, सबस्टेशनही चालू आहे, मधली लाइन जळत चाललीय. मेंदूपासून मणक्यापर्यंतच्या आणि मणक्यापासून स्नायूपर्यंतच्या, दोन्ही वायरी. करंट पोचला नाही की स्नायू पडून राहतो आणि वाळतो. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे मांसाचा उंचवटा होता, पक्कड धरून धरून दगडासारखा झालेला. तिथे आता खळगा पडलाय, आंघोळीचं पाणी त्यात साचतं. पण स्पर्शाची लाइन वेगळी असते, ती शाबूत आहे. पाणी गरम आहे का गार, मला कळतं. तू हात हातात घेतलास तर कळेल. बऱ्याच जणांना वाटतं मला काही जाणवत नाही, म्हणून ते हात लावायचे थांबतात. तू थांबू नकोस.

२०१९ च्या पुरात हाच हात होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तू वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला होतीस. पाणी उतरल्यावर एकेक डीपी धुऊन, वाळवून, तपासून लाइन चालू करायची होती. नऊ दिवसांनी घरी आलो तेव्हा तळहाताची कातडी सोलून निघाली होती. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांना खोबरेल तेल लावलंस आणि म्हणालीस, "बाबा, आता गावात जिथे दिवा दिसेल तिथे मी म्हणणार, हा माझ्या बापाने लावला." तेवढ्यासाठी मी अजून नऊ दिवस गेलो असतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

नंतर वर्षभर हे दुखणं मानेच्या मणक्याचं समजून पट्टा बांधून फिरलो. एके ठिकाणी तर मानेच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी स्नायूत सुई घालून ईएमजी केला, म्हणजे स्नायूतला करंट तपासला, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोळ्यांत बघायचं टाळलं. मग राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने तुझ्याकडे बंगळुरूला, आणि तू निम्हान्सच्या दवाखान्यात घेऊन गेलीस. तिथल्या बाकावर तू फाइल छातीशी धरून बसली होतीस. दहावीच्या निकालाच्या दिवशी तशीच बसली होतीस.

त्या दिवशी तू आकडा विचारलास आणि मी विषय बदलला. आज सांगतो, मला आकडे माहीत आहेत. सुरुवात झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं. दहातला एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो. भेटायला येणारा प्रत्येक जण स्टीफन हॉकिंगचं नाव घेतो. १९६३ मध्ये एकविसाव्या वर्षी त्यांना हा आजार सांगितला आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरं आहे. पण ते अपवाद होते, आणि त्यांच्याभोवती रात्रंदिवस बघणारी माणसं होती. मला त्यांच्या वर्षांपेक्षा ती माणसं जास्त महत्त्वाची वाटतात.

आणि जे तू विचारलं नाहीस तेही लिहितो. हा आजार शंभरातल्या नव्वद जणांना घराण्यात कुणाला नसताना होतो. आपल्याकडे आजोबा, पणजोबा, आत्या, कुणाला नव्हता. चहाचा कप उचलताना तू स्वतःच्या हाताकडे बघतेस ते मी दिवाळीत पाहिलंय. बघू नकोस.

रिलुझोलची गोळी चालू आहे, ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ती आजार थांबवत नाही, काही महिन्यांनी लांबवते. लिव्हरची तपासणी वेळेवर होते. रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाचं मशीन, लावतो, सकाळची डोकेदुखी गेली. बंडूकाका स्टेमसेल उपचाराचा कागद घेऊन आला होता, लाखांतला खर्च. हरिपूर रोडचा तुकडा विकायला निघाला. मी नाही म्हटलं. ज्याचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही त्यासाठी जमीन जाणार नाही. तुझ्याकडेही तो फोन करेल, त्याच्यावर ओरडू नकोस. त्याला काहीतरी करायचं आहे आणि काय करावं ते कळत नाही.

पाण्याने ठसका लागतो, घट्ट आंबील नीट उतरते. पुढे पोटात नळी बसवावी लागेल. डॉक्टर म्हणतात, श्वास चांगला आहे तोवरच बसवून घ्या, उशीर केला तर तेच काम जोखमीचं होतं. मी तयार आहे. आई तयार नाही. तिला वाटतं नळी म्हणजे संपलं. घास भरवणं हेच आता तिच्या हातात उरलंय असं तिला वाटतं, आणि एकेका जेवणाला सव्वा तास लागतो, आणि त्यानंतर ती स्वतः उभ्याउभ्या ताक-भात खाते.

आलंच शेवटी आईवर.

मग लिहूनच टाकतो. मला रात्री कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी ती उठते, मला वळवते, पायाखाली उशी सरकवते, मास्क नीट करते. खुर्चीतून पलंगावर घेताना ती माझ्या काखेत हात घालते तेव्हा तिच्या तोंडून आवाज येतो. "काही नाही" म्हणते. तिच्या मणक्याची गादी सरकलीय हे तुला तिने सांगितलं का? नसेल सांगितलं. मी पडलो तर लोक उचलतील. ती पडली तर दोघांचं काय होईल, याच्यापुढे माझा विचार जात नाही.

म्हणून तू नोकरी सोडू नकोस. तू आलीस तर एकीच्या जागी दोघी जागतील, आणि दोघींच्या कमरा जातील. तुझ्या पगारावर पुढची मशिनं येणार आहेत. तू कष्टाने मिळवलंस ते. भावनेच्या भरात असे निर्णय घ्यायचे नसतात, माणसाने आधी हिशेब मांडावा, पाच वर्षांनंतर आपण कुठे असू याचा

हे काल लिहिलं आणि तिथेच थांबलो. वाचून वाईट वाटलं. तू माझ्यासाठी सगळं सोडायला निघालीस आणि मी तुला हिशेब शिकवतोय. चुकलो. तू येते म्हणालीस त्याने मला किती बरं वाटलं ते मी बोलू शकलो नाही. हसलो.

आम्ही दर शनिवारी मोबाईलवर या आजाराच्या इतर घरांशी बोलतो. मुंबईच्या आशा एक होप फाउंडेशनची माहितीही तिथेच मिळाली, ते याच आजारासाठी काम करतात. आई आधी कॅमेऱ्यासमोर यायची नाही, दाराआडून ऐकायची. इचलकरंजीच्या एका बाईंनी सांगितलं, "मी सहा महिन्यांनी माणूस ठेवला. पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता. आता मी त्यांची बायको आहे, आधी नुसती आया होते." आई दारातून पुढे आली आणि विचारलं, "किती घेतात?"

मला वाटलं जमलं. सोमवारी रात्रपाळीच्या मावशी बघायला आल्या, तर हिने चहा पाजून परत पाठवल्या. "आपल्या माणसाचं परक्याने करायचं?" मग मी तिला पोलाची गोष्ट सांगितली. अडतीस वर्षं नोकरी केली, वर एक चढला की खाली एक उभा असायचा. वरचा कितीही हुशार असो. खालचा काही करत नाही असं बघणाऱ्याला वाटतं, पण तो नसेल तर वर चढायचं नाही, हा नियम. "तू दोन वर्षं एकटी वर आहेस," तिला म्हटलं. अर्धं तिला कळलं नाही, माझी जीभ वळत नाही. पण ती रडली.

आणि तिने एक केलंय. माझा आवाज जायच्या आत सवय व्हावी म्हणून कॅलेंडरच्या मागे बाराखडी लिहिलीय, तुझ्या जुन्या स्केचपेनने. क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ. ती बोट फिरवते, बरोबर ओळ आली की मी डोळे मिटतो, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. पहिला शब्द 'चहा' काढला. दुसरा काढला तेव्हा च-ची ओळ, चौथं अक्षर, ओकार. मग प-ची ओळ, पहिलंच अक्षर. "झोप? झोप आली तुम्हाला?" मी डोळे उघडेच ठेवले. ती तक्त्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मला म्हणताय होय."

तर तुझं काम एवढंच. मावशी एक तारखेपासून परत यायला तयार आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा. आईला तू सांग. माझं ऐकताना तिला वाटतं मी तिचे उपकार नाकारतोय, तुझं ऐकेल. आणि जुन्या पद्धतीने कर भरत असशील तर मोठ्या आजाराच्या खर्चावरची करसवलत बघ, ८० डीडीबी म्हणायचो ती, त्यात मोटार न्यूरॉन डिसीजचं नाव आहे, आईबापाच्या उपचाराचा खर्च चालतो. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणि अपंगत्वाचा दाखला मी स्कॅन करून ठेवलाय.

सकाळी सव्वानऊला फोन कर, तेव्हा माझी जीभ त्यातल्या त्यात बरी चालते. व्हिडिओ लाव, ओठ दिसले की तुला कळेल. आणि मी हसलो तर ठेवू नकोस. साधारण अर्धा मिनिट लागतो, मग थांबतं. तेवढं थांब.

तुझा
बाबा