मराठी वाचनाची सुरुवात कानापासून

पहिलीपासून तिसऱ्या भाषेसंबंधीचे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ रोजी रद्द केले, ते योग्यच झाले. पण तेवढ्याने मुले मराठी वाचू लागतील असे नाही. अजूनही अनेक वर्गांत 'अ' ते 'ज्ञ' घोटून झाल्यावरच पहिला शब्द हाती पडतो. त्याऐवजी म, क, ल, र ही चार अक्षरे आणि काना घेतला, तरी 'मला', 'काल', 'लाल', 'मामा' लगेच वाचता येतात. पहिली वेलांटी मागाहून घ्यावी. ती लिहिली जाते अक्षराआधी, ऐकू येते नंतर, आणि मुले नेमकी तिथेच अडखळतात. रफाराचे उलटे : तो लिहिला जातो पुढच्या अक्षरावर, ऐकू येतो त्याच्या आधी; म्हणून तोही मागाहूनच.

त्याआधी रोज दहा मिनिटे तोंडी खेळ हवा : 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरले? हे न जमणारे मूल सुबक गिरवते, पण 'क... म... ळ' असे सुटे वाचून गप्प बसते. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर आधी 'कमळ' म्हणजे काय ते चित्रातून, त्याच्या भाषेतून कळायला हवे. शिक्षक प्रशिक्षणात याला किती तास मिळणार, हे शिक्षण विभागाने जाहीर करावे.